किंचित ढील

सायकलच्या दुकानाला एक वास असायचा. रॉकेलचा, घासलेल्या रबराचा, पंक्चरच्या सोल्यूशनचा आणि कित्येक दिवस पाणी न बदललेल्या घमेल्याचा मिळून एकच. नाकात शिरला की डोकं हलकं करणारा. दुकान तरी कसलं! पेठेतल्या दोन वाड्यांमधल्या बोळाच्या तोंडाशी टांगलेले टायर, खिळ्यांना अडकवलेल्या रिमा, तारांच्या जुड्या, ‘पंक्चर काढून मिळेल’ अशी रंग उडालेली पाटी आणि आत कुठेतरी अंधारात सदा लागलेली विविधभारती. दुपारी शाळा सुटली की उन्हाची एक तिरपी पट्टी त्या बोळात उतरायची, घमेल्यातल्या काळ्या पाण्यावर पडायची आणि तिथून उसळून छपराच्या पत्र्यावर थरथरत राहायची. त्या थरथरत्या कवडशाकडे बघत मी उभी असायची. दोन वेण्या, पाठीला दप्तर, मुठीत घामेजलेली नाणी. आत माझी सायकल सीटवर आणि हँडलवर उलटी टेकवलेली, चाकं आभाळाकडे. दुकानदार बोटाला थुंकी लावून व्हॉल्व्हच्या तोंडावर ठेवत, बुडबुडा येतो का बघत, पुन्हा ठेवत. त्यांचे हात चालायचे आणि रेडिओवरचं गाणं चालायचं.

मी फक्त उभी असायची.

पुण्यात मुली सायकल चालवतात याचं बाहेरगावच्या पाहुण्यांना मोठं अप्रूप वाटे. सकाळच्या कॉलेजला, दुपारी टायपिंगच्या क्लासला, संध्याकाळी गाण्याच्या शिकवणीला, ओढणीची टोकं पाठीशी बांधून आणि मागच्या चाकाला जाळी लावून आम्ही हे शहर उभं-आडवं पालथं घातलं. महापालिकेचा पत्र्याचा बिल्ला सायकलवर मिरवला. दिवा नसला की पोलीस दिसताच उतरून साळसूदपणे चालू लागलो. डबलसीट पकडू नये म्हणून मैत्रिणीला चौकाच्या अलीकडे उतरवलं आणि पलीकडे पुन्हा कॅरियरवर घेतलं. पण चेन पडली, की रस्त्याच्या कडेला थांबून कुणी काका, कुणी दादा येतोय का याची वाट बघायची. घरी भाऊ होता. कोपऱ्यावर दुकान होतं. सायकल आमची, पाना त्यांचा. यात काही खटकण्याजोगं आहे असं तेव्हा कुणालाच वाटत नव्हतं, मलाही नाही.

पुढे लुना आली, स्कूटर आली, संसार आला, आणि सायकल एका जिन्याखालून दुसऱ्या जिन्याखाली बदलीवर जात राहिली. त्या बोळात आता मोबाइलची कव्हरं मिळतात. निवृत्तीनंतर एकदा सहज तिच्यावरचं गोणपाट बाजूला केलं. दोन्ही टायर बसलेले, घंटीचं झाकण तांबूस, चेन एका आकड्यात आखडून गेलेली. एका चकचकीत दुकानात विचारलं, तर तिथला मुलगा फार सौजन्याने म्हणाला, “काकू, ही ठेवून काय करणार?” त्याला काय उत्तर द्यायचं ते मला सुचलं नाही. मी सायकल हातात धरून घरी चालत आणली आणि आमच्या सोसायटीच्या रखवालदार मामांसमोर उभी केली. मामांची निम्मी हयात सायकलच्याच दुकानात गेलेली. दुकानं संपली तेव्हा ते या खुर्चीवर आले.

“शिकवाल का, मामा?”

“त्यात काय शिकवायचं, ताई? बसा आणि करा.”

त्यांनी खुर्ची ओढून घेतली, आणि हात पाठीमागे बांधले. त्या बांधलेल्या हातांचं मोल मला अजून पुरतं मांडता येत नाही. सगळ्या शिकवणीत त्यांनी माझ्या हातातला पाना एकदाही घेतला नाही. बोलणंही बेताचंच. एरवी मला भेटलेले शिकवणारे पुरुष समजावून सांगता सांगता काम स्वतःच करून मोकळे होतात.

पंक्चरपासून सुरुवात झाली. दुपारची वेळ, पार्किंगमध्ये गाड्या नसण्याची. खांबांच्या मधून उजेडाचे लांब चौकोन फरशीवर पडलेले. टायरच्या पट्ट्या रिमच्या काठाखाली सरकवल्या की टायर आधी हटून बसतो, मग एकदम, पट्टकन्, एका बाजूने सुटतो आणि आतली ट्यूब बाहेर येते, मऊ, काळी, अंगाला पांढरी पूड लागलेली. इतकी वर्षं मी जिच्यावर बसून हिंडले ती ही. तिला मी कधी पाहिलं नव्हतं. पंपाने थोडी फुगवून ती पाण्याच्या टबात बुडवायची आणि वीतवीत पुढे सरकवायची. बराच वेळ काहीच होत नाही. पाणी नितळ, ट्यूब गप्प. आणि मग अशा एका जागी, जिथे डोळ्यांना भोक म्हणून काहीही दिसत नाही, एक बुडबुडा सुटतो. त्याच्यामागे दुसरा. मग बारीक, अखंड सर वर येऊ लागते आणि पाण्याच्या पृष्ठावर टिचकीसरशी फुटत राहते. अशीच कुठल्या गल्लीत, कुठल्या वेळी भरलेली हवा निमूटपणे मला वाहून नेत होती, आणि आता ही माझ्या बोटांमधून निसटून पार्किंगच्या हवेत मिसळत होती.

जागा सापडली की पुसून कोरडी करायची, काचकागदाने खरवडायची, सोल्यूशन लावायचं. आणि थांबायचं. हे थांबणं मला दुकानाबाहेरून कधी दिसलं नव्हतं. तिथून सगळं भराभर चाललेलं वाटायचं. सोल्यूशनवरची ओली चमक विझून ते मंद दिसू लागलं, बोट टेकवलं तर क्षणभर धरून सोडून देऊ लागलं, की मगच ठिगळ ठेवायचं. “घाई नको, ताई. वाळू द्या.” मामा एवढंच म्हणतात.

या वाळण्याच्या वेळात मन कुठेही जातं. बेलफास्टला जातं, जिथे जॉन बॉइड डनलॉप नावाचा जनावरांचा डॉक्टर आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलला हवेच्या रबरी नळ्या बसवत होता. खडबडीत रस्त्यावर पोराला हादरे बसू नयेत एवढाच हेतू. 1888 साली त्याने त्याचं पेटंट घेतलं. पुढे निघालं असं की रॉबर्ट थॉमसनला हीच युक्ती 1845 मध्येच सुचली होती आणि त्याचंही पेटंट होतं; पण तो काळ घोडागाड्यांचा, सायकलींचं युग अजून यायचं होतं. बिचाऱ्याची हवा जरा लवकर भरली गेली. बेलफास्टहून मन बेळगावला येतं, कारण त्याच 1888 साली तिथे लक्ष्मणराव आणि रामूअण्णा या किर्लोस्कर बंधूंनी सायकलचं दुकान काढलं. त्या दुकानातून पुढे कडबा कापायचं यंत्र आलं, लोखंडी नांगर आला, 1910 मध्ये माळावर वसलेली किर्लोस्करवाडी आली. इतिहास सांगणारे नांगरापाशी आणि कारखान्यापाशी रेंगाळतात. मला मात्र त्या दुकानातली एखादी दुपार बघावीशी वाटते: दारात उलटी केलेली सायकल, चाकाचा सूं-सूं आवाज, आणि तो ऐकत बसलेला, अजून कुठलाही कारखाना डोक्यात नसलेला माणूस.

तोवर सोल्यूशन वाळलेलं असतं.

ठिगळ दाबून बसवलं, तरी ट्यूब लगेच आत घालायची नाही. आधी टायरच्या पोटातून बोटं फिरवायची, सबंध घेर, अगदी हळू. डोळ्यांचा इथे उपयोग नाही. डोळे खुशाल मिटावेत. बोटांच्या टोकांना रबराची वीण लागते, मागे कधीतरी अडकलेली रेती लागते, आणि मग एके ठिकाणी काहीतरी बारीक, टोकदार टोचतं. बाभळीचा काटा. बाहेरून मोडून गेलेला, आत तेवढं टोक टिकवून दबा धरून बसलेला. तो राहिला तर नवं ठिगळ फाटकाबाहेर पडायच्या आत फुकट. चिमट्याने तो उपसून मी तळहातावर घेतला. तांदळाच्या कणीहून लहान. त्याला फेकून द्यायचं माझ्या जिवावर आलं. काय म्हणून, ते विचारू नका.

खरी गोडी लागली ती चाकाचा मधला भाग उघडल्यावर. दुकानात याला ओव्हरऑइल करणं म्हणत; ऐकून ऐकून मलाही तोच उच्चार ओठांवर आहे आणि तो सुधारायची माझी इच्छा नाही. मागचं चाक काढलं, ॲक्सलवरचा नट सोडला, कोन उलटा फिरवत बाहेर घेतला, आणि काळ्या, घट्ट झालेल्या ग्रीसमधून छर्रे एकेक करत ताटलीत गळू लागले. टक्. टक्. नऊ एका बाजूचे, नऊ दुसऱ्या. पाव इंचाचे ते पोलादी मणी रॉकेलमध्ये खळबळून फडक्यावर काढले, तर एवढा मिट्ट काळोख अंगावर वागवून आतून लख्ख निघाले. प्रत्येकात पार्किंगची खिडकी वाकून उतरलेली, खिडकीत आभाळाचा ठिपका, आणि ओणवी झालेली एक बाई. नऊ नऊ ठिकाणी मी.

कटोरीत नवं ग्रीस भरून छर्रे पुन्हा रांगेने बसवायचे; ग्रीस त्यांना धरून ठेवतं. मग कोन फिरवत आत घ्यायचा, आणि इथे येऊन सगळी विद्या थांबते. कोन घट्ट झाला तर चाक जड फिरतं, छर्रे कुरकुरतात, कटोरी झिजू लागते. सैल राहिला तर चाक ॲक्सलवर डुगडुगतं, चालवताना मागून कुणीतरी ढोसल्याचा भास होतो. नेमकं किती, याचं माप कुठल्याही पान्यावर कोरलेलं नसतं.

“घट्ट करा,” मामा म्हणाले. “आता जरा मागे या.”

जरा म्हणजे? ते काही बोलले नाहीत.

आमच्या घरात घट्ट हाच सद्गुण होता. वेण्या घट्ट, डब्याचं झाकण घट्ट, नळ घट्ट, खर्चाची मूठ घट्ट. बाहेरून आल्यावर कडी घट्ट लागली का हे आई दोनदा बघायची. सैल म्हणजे वाया गेलेलं, सैल म्हणजे बेशिस्त. त्या घरातून आलेल्या माझ्या मनगटाला ‘जरा मागे’ कळायला वेळ लागला. कोन थोडा सोडायचा, नट आवळायचा, तर नट आवळताना कोन पुन्हा पुढे सरकून बसतो. म्हणून आधीच अंदाजाने त्याहून अंमळ जास्त सोडून ठेवायचा. रिम दोन बोटांत धरून आडवी हलवून बघायची. ॲक्सल चिमटीत धरून फिरवायचा. चिमटीला आत खरखर लागते का, अडतं का, की लोण्यातून गेल्याप्रमाणे जातं. आणि शेवटी, चेन चढवण्याआधी, चाक जागेवर बसवून हलकंसं ढकलून सोडून द्यायचं, आणि हात लावायचा नाही. चाक फिरत राहतं, फिरत राहतं, मंदावतं, आता थांबलं असं वाटतं, आणि तेवढ्यात उलटं वळतं. चाकात व्हॉल्व्हची जागा रतीभर जड असते. ती खाली येते, ओलांडून पलीकडे जाते, परतते, पुन्हा जाते. झोका लहान लहान होत जातो, आणि व्हॉल्व्ह अगदी तळाशी येऊन चाक स्थिरावतं. कोन तसूभर घट्ट असता तर एवढ्याशा वजनाला ते वळलंच नसतं.

व्हॉल्व्हचं वजन ते किती! तेवढंही आता त्या चाकाला कळत होतं.

मी ते पुन्हा ढकललं. पुन्हा बघितलं. मामांनी खुर्चीतून नुसती मान हलवली आणि फाटकावर आलेल्या कुरियरवाल्याची सही घ्यायला उठून गेले.

त्या दिवसापासून मला जागोजाग ती ढील दिसू लागली. चेन खालच्या बाजूला बोटाने वर दाबली तर अर्धा इंच हलली पाहिजे. अगदी ताणून बसवली तर पायडल जड जातं आणि दात झिजतात. ब्रेकचं रबर रिमजवळ हवं, पण चिकटून नको. फ्रीव्हीलच्या आत दोन चिमुकल्या खिट्या असतात; पायडल मारलं की त्या दातांत अडकतात आणि चाकाला ओढून नेतात, पाय थांबले की दातांवरून टिकटिक घसरत चाकाला आपल्या मर्जीने जाऊ देतात. उतारावर पाय न हलवता जाताना पाठीमागे जी टिकटिक ऐकू येते, शाळेपासून माझ्या कानात वस्तीला असलेली, ती या सोडून देण्याची.

तारांचं प्रकरण मात्र वेगळंच. माझ्या सायकलच्या पुढच्या चाकाला 32 तारा आहेत, मागच्याला 40. मला वाटायचं, त्या रिमला टेका देतात, आणि वजन आलं की त्यावर उभं राहतं. पण दाबलं तर वाकून जाईल इतकी बारीक तार टेका कसला देणार? ती ओढत असते. प्रत्येक तार रिमला मध्याकडे ओढते, शेजारची तिला दुसऱ्या कुशीकडे ओढते, आणि या सगळ्या ओढाताणीत चाक गोल राहतं. आपण बसलो की जमिनीलगतच्या तारांचा ताण थोडा कमी होतो. चाक पुढे गेलं की त्यांचा ताण परत येतो आणि सैलावण्याची पाळी मागून खाली येणाऱ्या तारांची. मी रस्त्याने जात असते तेव्हा माझ्याखाली हे अखंड चाललेलं असतं.

चाकाला आउट आला, म्हणजे ते फिरताना डावी-उजवीकडे लचकू लागलं, की ब्रेकच्या रबराशेजारी खडू धरायचा. जिथे रिम बाहेर आली तिथे खडूची रेघ उमटते. रिम उजवीकडे ओढली गेली असेल तर तिथली डावीकडची तार पाव आटा आवळायची आणि उजवीकडची तितकीच सोडायची. पाव आटा. त्याहून अधीर होण्यात अर्थ नाही, कारण इथे केलेलं चाकाच्या पलीकडच्या कडेला जाऊन पोचतं. आणि तारा नुसत्या बघायच्या नाहीत, बोटाने छेडायच्या. एका बाजूच्या तारा साधारण एका सुरात बोलतात. ढिली पडलेली ठक्क बोलते, बेसूर, आणि तेवढ्यावरून ती सापडते.

माझी आई तानपुरा लावायची तेव्हा अशीच मान वाकडी करायची. खुंटी पिळून तार जवळपास आणायची, मग भोपळ्यावरचा मणी केसभर खाली, केसभर वर. आम्ही पोरं दाराशी बसून कंटाळायचो. केव्हाचा सूर लागलाय असं आम्हाला वाटायचं आणि तिला नाही. मग कुठल्यातरी क्षणी ती बोट काढून घ्यायची आणि खोली भरून यायची. तिला सायकल येत नव्हती. पदर सावरत कुणाच्या तरी कॅरियरवर एकाच बाजूला पाय सोडून बसणं एवढाच तिचा सायकलशी संबंध. पण पार्किंगच्या फरशीवर मांडी घालून, एक कान चाकाशी नेऊन मी पाव आटा फिरवते तेव्हा माझी मान ज्या बाजूला कलते, ती बाजू तिची आहे. नेमकं किती आवळायचं हे तिच्या हाताला पक्कं ठाऊक होतं. त्या हातात कुणी पाना दिला नाही, एवढंच.

नखांतलं ग्रीस दोन दिवस जात नाही. मळलेल्या बोटांनी भाजी घेताना शेजारीण म्हणाली, “अहो, कशाला हे आता? पन्नास रुपयांत करून देतात.” देतात, खरंच देतात. मी काही त्यांच्या पोटावर पाय आणायला निघालेले नाही. मोठं काम निघालं तर मी आजही दुकान शोधत जाईन. आता तिथे गेल्यावर छपराच्या पत्र्याकडे बघत उभी राहणार नाही. त्यांच्या हातांकडे बघेन. विचारेनही.

शिकवणीतलं मामांचं सगळ्यात लांब वाक्य डाव्या पायडलबद्दल होतं. पाना लावून मी सवयीने फिरवायला लागणार, तोच ते म्हणाले, “ताई, जगात सगळं उजवीकडे आवळतं, पण डावं पायडल डावीकडे आवळतं, ते ध्यानात ठेवा, नाहीतर सोडवायला जाल आणि बसवून ठेवाल.” त्या आट्यांचं कारण मी नंतर समजून घेतलं. पायडल मारताना त्याचा दांडा आपल्या खाचेत रेटला जात हळूहळू उलट्या दिशेला सरकत असतो. आटे सरळ असते तर डावं पायडल रस्त्यातच उलगडत जाऊन पायाखालून निसटलं असतं. आता डाव्या पायडलशी मी जरा अदबीने वागते.

किर्लोस्करांसारखंच राइट बंधूंचंही अमेरिकेत डेटनला सायकलचं दुकान होतं. 1903 साली त्यांचं विमान उडालं तेव्हा इंजिनापासून पंख्यांपर्यंत जोर नेला तो चेननेच. माझी सायकल रद्दीच्या दुकानापर्यंत आणि टेकडीच्या पायथ्यापर्यंत जाते. चढावर मी उतरून चालते. उतारावर पाय थांबवते आणि टिकटिक ऐकत येते.

खंडेनवमीला आमच्याकडे पाटावर विळी, सुरी, अडकित्ता आणि माझ्या वडिलांची जुनी कात्री मांडली जायची. आता त्या ओळीत दोन पाने, एक पक्कड, टायरच्या पट्ट्या आणि काचकागदाचा तुकडा असतो. सायकलला तर आम्ही लहानपणापासून दर दसऱ्याला झेंडूचा हार घालत आलो. हँडलला कुंकू, घंटीला अक्षता. तेल तेवढं कधी घातलं नाही.

तर तुमच्याही जिन्याखाली एखादी सायकल असेल, तर या दसऱ्याला हाराच्या आधी तिची चेन कोरड्या फडक्याने पुसा, मग पायडल उलटं फिरवत एकेका कडीवर एकेक थेंब तेल सोडा, आणि थोड्या वेळाने वरचं तेल पुन्हा पुसून घ्या. चेनला तेल लागतं ते आत, कड्यांच्या सांध्यात. बाहेर राहिलेलं फक्त धूळ गोळा करतं.